दाढीच्या ब्रशातले केस कुणाचे?

आषाढात रत्नागिरीकडच्या घरांत चामड्याच्या चपलेला बुरशी धरते, तशी ती दाढीच्या ब्रशालाही धरते. तरी हा ब्रश आपल्या पडवीत आला तो उशिरानेच. गावचा न्हावी घरोघर फिरायचा तेव्हा त्याच्या धोकटीत वस्तरा, तो परजायचा पट्टा, वाटी आणि तुरटी असे. दाढी भिजवायची ती पाणी लावून, बोटांनी चोळून. फेसाची चैन साबणाबरोबर आली आणि मुंबईच्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून ब्रश गावी पोचला.

मूळ प्रकरण युरोपातलं. फ्रेंचमध्ये ‘ब्लेरो’ म्हणजे बॅजर हा प्राणी, आणि दाढीचा ब्रशही ‘ब्लेरो’च. हा बॅजर म्हणजे आपल्याकडचा बिज्जू नव्हे. ब्रशाचे केस आज मुख्यतः चीनमधून येतात. केस मुळाशी फिकट, मध्ये काळा पट्टा, टोक पुन्हा फिकट आणि निमुळतं. असा जुडगा पाणी भरपूर धरून ठेवतो आणि टोकांनी गालाला टोचत नाही, म्हणून त्याला भाव. भाव आला की नक्कलही येते. घोड्याचे केस ब्लीच करून, मध्ये काळा पट्टा रंगवून ते बॅजर म्हणून खपवले जात.

ही नक्कल पहिल्या महायुद्धात जिवावर बेतली. चीन आणि सायबेरियातले घोड्याचे केस त्याआधी जर्मनीत जंतुमुक्त होऊन पुढे जात. १९१४ मध्ये ती वाट बंद झाली आणि कच्चा माल थेट अमेरिका-ब्रिटनला जाऊ लागला. त्यातून आली काळपुळी, गुरांना होते तीच. दाढी करताना कापलेल्या जागेतून जंतू आत शिरत. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक व नागरिक मिळून दोनशेच्या वर माणसांना ती झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदीच घातली. खरा बॅजर महाग होता, पण या प्रकरणात बदनाम झाला तो त्याच्या नावावर विकला गेलेला घोडा.

आज दुकानात बॅजरच्या ब्रशांवर ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ अशी प्रतीची नावं दिसतात. त्यांचं सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘प्युअर’इतका असू शकतो. नावापेक्षा बोटांनी टोकं दाबून पाहावीत. टोचली तर तो गालालाही टोचणारच. डुकराच्या राठ केसांचा ब्रश स्वस्त, पण भिजायला वेळ घेतो आणि महिनाभर वापरल्यावर मऊ होतो. हल्लीचे कृत्रिम धाग्यांचे ब्रश मात्र झटकन वाळतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर कोकणच्या हवेला तेच सोयीचे, बॅजरप्रेमींनी कितीही नाक मुरडलं तरी.

बॅजर घेतलाच तर पाणी कोमट हवं. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात, मुळाशी धरून ठेवणारा डिंकही सैल पडतो. नव्या ब्रशाला जनावराचा वास येतो, तो दोन-चार वेळा शांपूने धुतला की जातो. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि पांढरी साय केसांच्या बुडाशी साचत जाते. अधूनमधून पातळ व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की ती सुटते. मग नीट झटकायचा, टॉवेलवर हलके फिरवायचा आणि वारा लागेल तिथे ठेवायचा. उलटा टांगा की सुलटा उभा करा, त्याने फार फरक पडत नाही. न्हाणीघर मात्र नको.

हे मी शिकलो ते गणपतीला. गावी निघताना ओला ब्रश प्लॅस्टिकच्या डबीत कोंबला आणि सुट्टीभर दाढी केलीच नाही. गौरी-विसर्जनानंतर डबी उघडली, तर केसांच्या बुडाशी हिरवट लव, आणि वास असा की आईने काही न विचारता ब्रश उचलला आणि माडाच्या आळ्यात टाकला.