निबंधलेखन, विद्यापीठीय इंग्रजी
इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना साधार व युक्तिवादात्मक लेखन शिकविण्याची पद्धती. बडोद्यात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे (स्थापना १९४९) माध्यम प्रामुख्याने इंग्रजी असून शहरातील मराठी विद्यार्थी घरी मराठी, बाजारात गुजराती आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी वापरतो.

संज्ञा : ‘निबंध’ या प्रतिशब्दाने बराच घोटाळा केला आहे. संस्कृतात नि + बन्ध म्हणजे घट्ट बांधणे. धर्मशास्त्रात विविध स्मृतिवचने विषयवार एकत्र बांधणाऱ्या ग्रंथास निबंध म्हणत. उपलब्ध निबंधग्रंथांत लक्ष्मीधराचा कृत्यकल्पतरु (सु. बारावे शतक) जुना व विस्तृत मानला जातो, तो गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून बडोद्यातच प्रसिद्ध झाला. त्यात वचन कोणाचे, हे नाव घेऊन सांगितलेले असते. आजचा अर्थ रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेस (१८७४) देतात. तथापि तो अर्थ त्याआधीच घडू लागला होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रेंचमधील मूळ ‘एसे’चा अर्थ ‘प्रयत्न’, ‘चाचणी’ असा असून फ्रेंच लेखक माँतेन्यने (१५८०) तो आत्मपर लेखनास वापरला. विद्यापीठाला अपेक्षित असलेला निबंध माँतेन्यपेक्षा लक्ष्मीधराला जवळचा आहे, हे शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

पाच परिच्छेदांचा साचा : प्रस्तावना, तीन मुद्दे व समारोप हा साचा कोठून आला, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो स्कॉटिश तत्त्वज्ञ अलेक्झांडर बेनच्या परिच्छेदविषयक नियमांपर्यंत (१८६६) नेतात, तर काही प्राचीन वक्तृत्वशास्त्रातील भाषणाच्या अंगांपर्यंत. बेनचे नियम एका परिच्छेदाच्या एकतेसंबंधी आहेत, संपूर्ण निबंधाच्या रचनेसंबंधी नव्हेत. त्यामुळे दुसरे मत ग्राह्य वाटते. न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्रातील प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण प्रस्तुत विषयाला लावणे) व निगमन (निष्कर्ष) या अनुमानाच्या पाच अवयवांशी संख्या जुळते, पण तो योगायोगच समजावा. वर्गात मात्र ‘प्रतिज्ञा’ हा शब्द उपयोगी पडतो : निबंध काय सिद्ध करणार, हे एका वाक्यात आधी मांडायचे.

अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट कॅप्लनने १९६६ मध्ये प्रत्येक संस्कृतीच्या विचाराला एक आकृती दिली : इंग्रजीला सरळ रेषा, ‘पौर्वात्य’ लेखनाला आत वळत जाणारी गुंडाळी. त्याच्या विवेचनात ‘पौर्वात्य’ म्हणजे मुख्यतः चिनी व कोरियन लेखन होते. तरी ती आकृती भारतीयांनाही सर्रास लावली गेली. पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचे मत) आधी मांडून मग सिद्धान्ताकडे जाणाऱ्या परंपरेला गुंडाळी म्हणणे कठीण आहे.

अडचणी : मराठीभाषकांच्या चुका बहुधा वाक्यरचनेतून येतात. ‘जरी पाऊस कमी पडला, तरी पीक चांगले आले’ या वाक्याचे ‘ऑल्दो’ने सुरू होणारे इंग्रजी करताना ‘तरी’च्या जागी ‘बट’ हटकून येतो. गुजरातीतही ‘जोके… तोपण’ अशी जोडी असल्याने दुसरी भाषा येथे वाचवीत नाही. ‘अ’, ‘द’ ही उपपदे मराठीत नसल्याने ती गळतात किंवा नको तेथे पडतात. शालेय सवय याहून चिवट. ‘मी फळा बोलतोय’ किंवा ‘सूर्य उगवला नाही तर’ लिहून वाढलेला विद्यार्थी सुरुवात सुविचाराने करतो आणि आधार द्यायचे विसरतो.

बडोदे कॉलेज (१८८१) मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे इंग्रजी शिकविणाऱ्या अरविंद घोषांना, विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवून घेतात व पाठ करतात, याचे आश्चर्य वाटे. इंग्लंडमध्ये असे घडले नसते, असे त्यांनी पुढे संभाषणात सांगितले आहे. मार्गदर्शिकेतील तयार प्रस्तावना घोकणे हा त्याच सवयीचा वंशज.

पद्धती : १९७०नंतर अमेरिकेत मसुदा, अभिप्राय व पुनर्लेखन यांवर भर देणारी प्रक्रियापद्धती पुढे आली. भाषावैज्ञानिक जॉन स्वेल्सने (१९९०) शोधलेखाच्या प्रस्तावनेतील तीन टप्पे दाखविले : क्षेत्र आखणे, त्यातील उणीव दाखविणे व ती आपण भरून काढणार असल्याचे सांगणे. दोन्हींना वेळ व लहान वर्ग लागतात. शंभर वह्यांच्या गठ्ठ्यापुढे दुसरा मसुदा तपासला जात नाही.