बोटांनी वाचायचा कृष्णेचा नकाशा

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर भेटतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. एवढं वाक्य अंध विद्यार्थ्याला पाठ होतं, पण संगमाचा आकार त्यातून कळत नाही. तो स्वतःच्या हाताने काढला की कळतो, आणि त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही.

ए-४ कागदाएवढी फळी, तिच्यावर सुमारे 3 मिमी जाडीचा मऊ रबर, वर स्पर्शचित्रांसाठी मिळणारी पातळ प्लास्टिक फिल्म आणि साधं बॉलपेन. पेन दाबून ओढलं की खालचा रबर दबतो, फिल्म ताणली जाऊन सुरकुतते आणि रेषा वरच्याच बाजूला उठते. त्यामुळे काढता काढता दुसऱ्या हाताने ती तपासता येते. शिंप्याचं दातेरी चाक जाड कागदावर फिरवूनही रेषा उठते, पण मागच्या बाजूला. तेव्हा नकाशा आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो, नाहीतर कोयना पूर्वेकडून येऊन मिळते! रबर कडक असेल तर उठाव येत नाही. फिल्म सैल राहिली तर सरकते आणि नद्या जुळत नाहीत, म्हणून कडांना क्लिपा घट्ट लावाव्यात. चुकलेली रेषा नखाने दाबून थोडीफार बसते, पुसली मात्र जात नाही.

सुरुवातीलाच उजवा वरचा कोपरा कापावा, म्हणजे दिशा चुकत नाही. आधी महाबळेश्वर, वाई, माहुली, कराड, सांगली असे ठिपके उमटवून मग कृष्णा जोडत न्यावी. दोन रेषांत किमान 3 मिमी जागा हवी. त्याहून जवळ आल्या तर बोटाला एकच जाड रेघ लागते. रस्ते वेगळ्या पानावर काढावेत. ब्रेलचा एक खण, म्हणजे सहा ठिपक्यांचा एक गट, सुमारे 6 मिमी रुंद असतो. ‘महाबळेश्वर’ला काना-मात्रा-जोडाक्षर धरून 10 खण, म्हणजे 6 सेंमी जागा! त्याखाली नदीच झाकली जाईल. नकाशावर फक्त ‘म’ लिहावा आणि पूर्ण नावं स्वतंत्र पानावर द्यावीत.

प्रती काढायला फुगणारा कागद वापरतात. डोळस मदतनिसाने नकाशा काळ्या मार्करने जरा जाड गिरवायचा, त्या कागदावर झेरॉक्स काढायची आणि ती तापवणाऱ्या यंत्रातून सरकवायची. टोनरमधला, म्हणजे झेरॉक्सच्या काळ्या भुकटीतला, कार्बन उष्णता शोषतो आणि त्याच्याखालच्या, कागदावरच्या सूक्ष्म कुप्या फुगतात. कार्बन नसलेली रंगीत शाई फुगत नाही. उलट टोनरचा बारीकसा डागही फुगतो आणि बोटाला गाव वाटतो, म्हणून झेरॉक्सची काच आधी पुसावी. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना हीच ठळक काळी रेषा डोळ्यांनीही धरता येते.

पहिली प्रत नकाशा न काढलेल्या अंध वाचकाला काही न सांगता द्यावी. त्याचं बोट जिथे भरकटेल तिथली जागा मोकळी करावी, मगच बाकीच्या प्रती काढाव्यात.