भरताचं भरलं वांगं होत नाही: फोटो-व्हिडिओ पाठवण्याआधी एवढं वाचा

"भाऊ, हाईच बठ्ठीकडे टाकी दे!" म्हणजे हेच सगळीकडे टाकून दे, असं आमच्या डिझाइन-छपाईच्या दुकानात रोज कुणीतरी म्हणतंच. सोबत मोबाईलवर एक तयार व्हिडिओ येतो. वर दुकानाचं नाव, खाली दोन फोन नंबर, मधून उडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या आणि मागे सिनेमातलं गाणं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तो छान दिसतोही. पण तोच इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवर न्यायचा म्हटलं की आमचे दोन दिवस जातात, आणि आम्ही उगाच वेळ काढतो असं तुम्हाला वाटतं.

वांगं भाजून, ठेचून फोडणीला पडलं की त्याचं भरलं वांगं होत नाही, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. तयार व्हिडिओचंही तसंच आहे. चित्रात चिकटलेला नंबर मागून नीट काढता येत नाही. रीलच्या खालच्या भागावर खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. तुमचा नंबर नेमका त्यांच्याखाली झाकला जातो. गाण्याचं तर विचारूच नका. इन्स्टाग्रामवर धंद्याच्या खात्याला सिनेमातली बहुतेक गाणी वापरायला मिळत नाहीत. आधीच मिसळलेल्या गाण्यामुळे आवाज बंद झाला, तर त्यासोबत तुमचं बोलणंही जातं. कोपऱ्यात दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असेल तर अशी रील इन्स्टाग्राम नवीन लोकांपुढे कमी नेतं.

म्हणून विनंती एकच: भरीत नको, वांगी पाठवा. म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला मूळ व्हिडिओ, त्यावर काही न लिहिता, गाणं न घालता. तोही व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, कारण ते फाईल दाबून लहान करतं. एचडी निवडलं तर थोडं बरं, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं की फाईल जशीच्या तशी येते. मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक द्या, नाहीतर पेनड्राइव्ह आणून द्या. तेच दृश्य फोन उभा धरून पंधरा सेकंद आणि आडवा धरून पंधरा सेकंद घ्या. आणि आधी लेन्स पुसा. पिठाच्या हाताने काढलेले व्हिडिओ आम्ही लगेच ओळखतो.

"एकाच व्हिडिओचे चार ठिकाणी वेगळे पैसे कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. बिबड्यांचंच, म्हणजे ज्वारीच्या पापडांचंच घ्या. स्टेटस बघणारे तुम्हाला ओळखतात, आणि ते 24 तासांत जातं. तिथे भाव, किलो आणि 'आज सांगा, परवा न्या' एवढं पुरे. रीलवर बघणारा अनोळखी असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत गच्चीवर भराभर बिबडे थापणारा हात दिसला तर तो थांबतो, भावाची पाटी दिसली तर बोट वर सरकवतो. फेसबुकवर सुरतला, पुण्याला, कल्याणला गेलेली आपली माणसं आहेत. तिथे आजीच्या हातच्या बिबड्यांची गोष्ट अहिराणीत चार ओळी जास्त लिहिली तरी वाचतात. तिथे मजकुरातली लिंकही दाबली की उघडते. इन्स्टाग्रामच्या मजकुरात ती उघडत नाही, प्रोफाइलवर ठेवावी लागते. यूट्यूबवर लोक शोधत येतात, म्हणून 'ज्वारीचे बिबडे कसे करतात' असं सरळ नाव आणि सावकाश, आडवा व्हिडिओ. तो पुढच्या उन्हाळ्यातही कामाला येतो.

मापंही वेगळी. रील 1080 बाय 1920 पिक्सेल, इन्स्टाग्रामची उभी पोस्ट 1080 बाय 1350, यूट्यूबचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, 1280 बाय 720. थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दिसते, तिथे अक्षर ठेवायचं नाही. म्हणजे दरवेळी कापणी नवी, अक्षरं नवी, मजकूर नवा. पैसे त्याचे आहेत, बटण दाबण्याचे नाहीत.

फ्लेक्सचं डिझाइन तेवढं पोस्ट म्हणून पाठवू नका. दहा फुटांच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे तीस चेहरे ओळखू येतात, मोबाईलवर ते मोहरीएवढे होतात. बॅनर आम्हीच छापतो आणि आनंदाने छापतो, तो चौकात लावा.

शूटिंग जमत नसेल तर आमचा मुलगा दुकानावर, शेतात, केळीच्या बागेत येतो. तासाभरात महिनाभर पुरेल एवढा कच्चा माल घेऊन जातो. चारही ठिकाणचं काम एकत्र दिलं तर दर कमी लावतो. एक दुरुस्ती फुकट. फोन नंबर चुकल्याची दुरुस्ती मात्र मोजत नाही, ती कितीदाही करू.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे आणि आंब्याच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी किमान आठ दिवस आधी यावं. आदल्या रात्री आलेल्या व्हिडिओला 'हो' म्हणून आम्ही बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार शटर खाली असतं. पेनड्राइव्ह शेजारच्या रसवंतीवर ठेवा, चिठ्ठीवर नाव लिहून.