एमसीबी वारंवार पडतोय? आम्हाला फोन करण्याआधी एवढं पाहा

"एमसीबी खराब झालाय, बदलून द्या" असे फोन आम्हाला रोज येतात. एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, कधीकधी खरंच खराब होतो, नाही असं नाही. पण बहुतेक घरांत तो आपलं काम चोख करत असतो आणि दोष गीझरमध्ये, भिंतीतल्या वायरमध्ये नाहीतर एकाच बोर्डावर लावलेल्या चार उपकरणांत असतो. कुठला खटका पडला आणि चालू केल्यावर किती वेळाने पडला, एवढं कळलं तरी बराचसा उलगडा होतो.

आधी एक इशारा. डीबीतून (घरातले सगळे एमसीबी असलेल्या पेटीतून) जळका वास येत असेल, खटका किंवा सॉकेट काळं पडलं असेल, किंवा भिंत ओली असेल, तर पुढचं काहीही करून पाहू नका. मेन स्विच बंद करा आणि आम्हाला बोलवा. मेन स्विचच ओल्या भिंतीवर असेल तर त्यालाही हात लावू नका.

कुठला पडला?

डीबीचं दार उघडलं की ओळीने अरुंद एमसीबी दिसतील. त्यांच्याजवळच एखादा रुंद खटका असेल आणि त्यावर छोटं 'टेस्ट' बटण असेल, तर तो आरसीसीबी. बरेच लोक त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किट पाहतो. आरसीसीबी फक्त लिकेज पाहतो, म्हणजे फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत आला की नाही. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. त्यामुळे थोडं थोडं लिकेज असलेली पाच-सहा उपकरणं एकत्र चालली तरी तो पडतो.

पडलेल्या एमसीबीचा खटका काही वेळा पूर्ण खाली न येता मध्येच अडकतो. तो आधी पूर्ण खाली दाबा, मगच वर करा. नुसता वर ढकलला तर तो लागत नाही, आणि 'एमसीबी खराब' म्हणून आलेल्या काही फोनचं मूळ एवढंच असतं.

एमसीबी पडत असेल तर

वर करताक्षणी फट् करून पडला तर शॉर्ट समजा. त्या लाईनवरच्या सगळ्या पिना सॉकेटमधून काढा आणि एकदाच पुन्हा लावून पाहा. टिकला, तर दोष उपकरणात. पिना काढूनही पडला, तर वायरमध्ये, बोर्डात किंवा एखाद्या होल्डरमध्ये शॉर्ट आहे. मग पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. प्रत्येक वेळी त्या शॉर्टमधून प्रचंड करंट जातो.

दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर तो लोड. हिशेब सोपा आहे, वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७, १५०० वॅटची किटली ६.५ आणि मायक्रोवेव्ह १२०० वॅट घेत असेल तर ५.२. तिन्ही एका लाईनवर एकदम लागली की २० अँपिअरच्या वर जातात. १६ अँपिअरचा एमसीबी १६ ला लगेच पडत नाही. साधारण १८ पर्यंत तो तासभर तग धरतो, २३ च्या वर गेला की तासाच्या आत पडायलाच हवा, आणि या दोन्हींच्या मधे त्याचा नेम नाही. "काल हेच सगळं लावलं होतं, तेव्हा नाही पडला" याचं उत्तर इथे आहे. शिवाय ही मापं ३० अंश तापमानाला धरलेली असतात. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर तापलेल्या डीबीत तोच एमसीबी लवकर पडतो.

लोड कमी असूनही खटका हाताला चांगलाच गरम लागत असेल, तर आतला स्क्रू ढिला झालेला असू शकतो. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते आणि एमसीबी तिलाच लोड समजतो. स्क्रू आवळणं आमचं काम आहे, तुमचं नाही.

आरसीसीबी पडत असेल तर

सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी लावत जा. जो लावल्यावर आरसीसीबी पडेल त्या लाईनवर दोष. त्या लाईनच्या पिना काढून एकेक उपकरण परत लावा. फक्त स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

याच कारणाने एक गोष्ट ग्राहकांना चक्रावून टाकते. सगळे एमसीबी खाली, तरी आरसीसीबी लागत नाही किंवा मधूनच पडतो. साधा एमसीबीही एकट्या फेजलाच तोडतो. अशा वेळी कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटलेला असण्याची शक्यता मोठी. तो मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) शोधावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

गीझर हा नेहमीचा संशयित. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने एलिमेंटवर थर बसतो, आवरणाला बारीक चीर जाते आणि लिकेज सुरू होतं. काही एलिमेंट गार असताना ठीक असतात, तापल्यावर दगा देतात. पावसाळ्यात मात्र आधी गेटचा दिवा, गच्चीवरचं सॉकेट आणि टाकीच्या पंपाचा स्टार्टर पाहा. पहिल्या जोरदार सरीनंतर पडला आणि ऊन पडल्यावर आपोआप टिकू लागला, तर ओल कुठेतरी बाहेरच शिरते आहे. 'आता ठीक आहे' म्हणून सोडून देऊ नका.

नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर ते जरूर सांगा. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल घराच्या इतर न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तर आरसीसीबी पडतो. दोष इन्व्हर्टरचा नाही, जोडणीचा.

जे आम्ही करणार नाही

"१६ चा काढून ३२ चा टाका" ही मागणी आम्ही नाकारतो. एमसीबी उपकरणासाठी नसून भिंतीतल्या वायरसाठी असतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ चा एमसीबी बसवला तर वायर तापेल आणि एमसीबी गप्प राहील. जास्त लोड हवा असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाईन ओढून देऊ, खर्च आधी सांगू. आरसीसीबी बायपास करून देणंही तसंच, कोणीही कितीही आग्रह केला तरी नाही. खटक्याला चिकटपट्टी लावून धरणारेही भेटतात. त्याचा उपयोग शून्य, कारण खटका बाहेरून धरला तरी आतली यंत्रणा सुटतेच.

मीटरच्या आधीचा कटआउट आणि सील महावितरणचं. तिथे ठिणगी दिसली, किंवा दिवे एकदम प्रखर किंवा मंद होऊ लागले, तर मेन बंद करून १९१२ वर तक्रार नोंदवा. न्यूट्रल सुटला असेल तर टीव्ही, फ्रीज क्षणात जळतात.

फोन करताना

दार उघडलेल्या डीबीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, पडलेल्या खटक्यावरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून. 'सी १६' किंवा 'बी १०' असं काहीतरी छापलेलं असतं. पडला तेव्हा काय चालू होतं, किती वेळाने पडला, घरात गेल्या काही दिवसांत खिळा ठोकला, ड्रिल मारलं किंवा नवं काही बसवलं का, तेही लिहा. ड्रिलचं सांगायला लोक लाजतात. लाजू नका, भिंत कुठे उघडायची हे त्यावरूनच कळतं.