ॲमेझॉन पोपट चावतो तेव्हा : उधाण आणि भीती यांतला फरक

पाळलेल्या ॲमेझॉन पोपटाने घरातल्या माणसाच्या बोटाला कडकडून चावा घेतला, की त्याचे कारण बहुतेक घरांत एकाच शब्दात सांगितले जाते : चिडला. हा शब्द सोयीचा असला, तरी त्याखाली दोन अगदी वेगळ्या अवस्था झाकल्या जातात. एक अवस्था अतिउत्तेजनेची, म्हणजे पक्ष्याच्या अंगात उधाण येण्याची, दुसरी भीतीची. दोन्हींत पिसे उभी राहू शकतात, चोच उघडू शकते आणि दोन्हींचा शेवट चाव्यात होऊ शकतो, म्हणून त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र एका अवस्थेत जे वागणे उपयोगी पडते तेच दुसरीत अपाय करते, आणि नीट सांभाळलेला ॲमेझॉन पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगू शकत असल्यामुळे या गल्लतीचे परिणाम पक्ष्याला आणि माणसांना दीर्घकाळ भोगावे लागतात.

ॲमेझॉन हे एकाच पोपटाचे नाव नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर मिळून या कुळात सुमारे ३० जाती आहेत. बांधा ठेंगणा आणि भरीव, शेपटी आखूड, रंग मुख्यतः हिरवा. पाळणाऱ्यांमध्ये निळ्या कपाळाचा, पिवळ्या मानेचा आणि पिवळ्या डोक्याचा अशा तीन जाती विशेष तापट समजल्या जातात, आणि त्यांतही वयात आलेले नर अधिक. नारिंगी पंखांचा ॲमेझॉन त्यामानाने सौम्य मानला जातो. जातीवरून स्वभावाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. एकाच जातीच्या दोन पक्ष्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. या सगळ्या कुळाची एक गोष्ट मात्र पाळणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे : मनात जे चालले असेल ते हा पक्षी अंगावर उघडपणे दाखवतो.

आधी उधाण पाहू. डोळ्याची बाहुली क्षणात टाचणीच्या टोकाएवढी बारीक आणि क्षणात मोठी होते. पक्ष्यांच्या बुबुळातले स्नायू बव्हंशी आपल्या हातापायांत असतात तशा पट्टकी प्रकारचे असल्यामुळे बाहुलीची ही हालचाल केवळ उजेडावर अवलंबून राहत नाही, ती उत्तेजनेबरोबरही होते. निळ्या कपाळाच्या प्रौढ ॲमेझॉनचे बुबुळ नारिंगी असल्याने ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. त्याच वेळी मानेमागची पिसे उभी राहतात, शेपटीचा पंखा उघडतो, खांद्याशी पंख किंचित सुटे होऊन आतले लाल-पिवळे रंग दिसू लागतात आणि पक्षी दांडीवर छाती काढून इकडून तिकडे चालू लागतो. आवाज चढतो. येत असतील ते सगळे शब्द, शिट्ट्या आणि हसणे एकापाठोपाठ बाहेर पडते. घरच्यांना वाटते की स्वारी आज भलतीच खुशीत आहे, आणि ते खोटेही नसते. उधाणाची सुरुवात पुष्कळदा आनंदातच होते. गाणे लागले, मिक्सर सुरू झाला, पाहुणे हसू लागले, आवडते माणूस कामावरून परत आले, की हा पक्षी रंगात येतो. अडचण अशी की रंग चढत गेला की एका मर्यादेनंतर त्याला स्वतःला आवरता येत नाही, आणि त्या क्षणी जवळ आलेला हात, मग तो त्याच्या सर्वांत लाडक्या माणसाचा का असेना, चोचीत सापडतो. असा चावा खोल असतो, काही वेळा पक्षी पकड सोडतच नाही, आणि त्यात मनुष्याविषयी कसलाही आकस नसतो.

या वागण्याचे मूळ रानातल्या जीवनात आहे. निळ्या कपाळाचे ॲमेझॉन ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या रानांत झाडांच्या ढोल्यांत घरटे करतात. नर-मादीची जोडी टिकाऊ असते. मादी सुमारे चार आठवडे अंडी उबवते, त्या काळात नर तिला चारा भरवतो आणि ढोलीच्या आसपासची जागा राखतो. फुललेली मान, उघडी शेपटी आणि चढा आवाज ही त्या राखणीतली जाहीर भाषा आहे : पुढे येऊ नकोस, ही जागा माझी. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यावर उभा राहून तो हेच सांगत असतो.

भीतीचे चित्र अगदी दुसरे आहे, आणि ते लवकर लक्षात येत नाही, कारण भ्यालेला ॲमेझॉन बहुधा गप्प होतो. हिरव्या पानांत हिरवा पक्षी हालला नाही तर शिकारी पक्ष्याला दिसत नाही. म्हणून ओरडणारा थवा धोक्याची चाहूल लागताच एकदम मुका होतो आणि अगदीच गत्यंतर उरले नाही की आरडाओरडा करत झाडातून उसळतो. घरातही हाच क्रम दिसतो. पिसे अंगाला घट्ट चिकटतात, शरीर उंच आणि बारीक होते, मान ताठ, डोळे विस्फारलेले, एक पाय उचलता उचलता थबकलेला, आणि शरीराचा सगळा कल मागे. खाणे अर्धवट सुटते. कारण आपल्याला क्षुल्लक वाटेल असे असते : गॅलरीबाहेर घिरट्या घालणारी घार, डोक्यावरून फिरणारा पंखा, कुणी घातलेली नवी टोपी, उघडलेली छत्री, संक्रांतीचे पतंग, दिवाळीतले फटाके. हात हेही भीतीचे कारण असू शकते, विशेषतः ज्या पक्ष्याला पूर्वी टॉवेलमध्ये पकडून औषध दिले गेले आहे किंवा बळजबरीने हातावर घेतले गेले आहे त्याच्या बाबतीत. असा पक्षी आधी मागे सरकतो, मग पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातो, मग चोच उघडून दाखवतो, आणि चावतो ते सर्वांत शेवटी. ज्याचे पंख कापलेले आहेत किंवा ज्याच्या पिंजऱ्यात मागे सरायला जागाच नाही, त्याला या पायऱ्या गाळाव्या लागतात, आणि मग लोक म्हणतात की हा काही कारण नसताना चावतो.

गल्लत होते ती या दोन चित्रांच्या मधल्या पट्ट्यात. कोपऱ्यात सापडलेला भ्यालेला पक्षीही पिसे फुलवतो, अंगावर झेपावतो आणि त्याची शेपटीही उघडते. तेव्हा एकट्या शेपटीवरून किंवा एकट्या डोळ्यावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. पहिली, शरीराचा भार कुठे आहे : उधाणातला पक्षी पुढे, माणसाच्या दिशेने झुकतो, भ्यालेला मागे. दुसरी, त्याआधीची पाच मिनिटे : बडबड आणि मिरवणे होते, की शांतता होती? तिसरी, आणि सर्वांत भरवशाची, अंतराची परीक्षा. आपण दोन-तीन पावले मागे गेलो की भ्यालेल्या पक्ष्याचे अंग लगेच सैल पडू लागते; तो पिसे झटकतो, चोच दांडीवर घासतो, हळूहळू पुन्हा खाऊ लागतो. उधाणलेला पक्षी मात्र आपल्या मागोमाग दांडीच्या टोकापर्यंत येतो, बाहुल्या तशाच बारीक-मोठ्या होत राहतात, आणि त्याचे उधाण उतरायला वीस मिनिटे लागू शकतात, कधी त्याहून अधिक.

या परीक्षेलाही एक अपवाद आहे. झेपावले की माणूस हात मागे घेतो हे भित्र्या पक्ष्याला एकदा कळले, की तो मागे सरण्याचा खटाटोप सोडून देतो आणि सरळ पुढे येऊन हल्ला करतो. अशा पक्ष्याचा कल पुढे असतो, आवाजही असतो, आणि तरीही मूळ भीतीत असते. हे ओळखायला त्या दिवसाचे वागणे पुरत नाही, मागचा इतिहास लागतो. दुसऱ्याच्या घरातून आलेल्या, मध्यम वयाच्या ॲमेझॉनच्या बाबतीत ही शक्यता नेहमी मनात ठेवावी. एक वही घेऊन चाव्याची वेळ, जागा, जवळचे माणूस, आधीचा आवाज आणि नंतरचे वागणे एवढे टिपून ठेवले, तर काही आठवड्यांत त्यातून आकार दिसू लागतो : ठरावीक हाताला भीती, की ठरावीक जागेवर उधाण.

आता वागायचे कसे. उधाणात हात पुढे करायचाच नाही. लाडाने, चढ्या सुरात त्याला शांत करायला जाणे हे त्या उत्तेजनेत भर घालणे आहे, आणि ओरडणे तर त्याहून वाईट, कारण आरडाओरडा ही ॲमेझॉनच्या दृष्टीने मैफलीतली साथ असते. आवाज कमी करावा, गाणे बंद करावे, पाहुण्यांना बसायला सांगावे आणि पक्ष्याला त्याच्या जागी सोडून द्यावे. उचलणे अटळच असेल तर हातावर न घेता सुट्या दांडीवर घ्यावे. त्यासाठी शांत वेळी दांडीवर चढण्याची सवय डाळिंबाच्या दाण्यावर किंवा शेंगदाण्याच्या तुकड्यावर लावून ठेवलेली असावी. बाकी इलाज म्हणजे वाट पाहणे. उधाण उतरलेल्या पक्ष्याशी त्याच दिवशी, जणू काही घडलेच नाही अशा सहजतेने, पुन्हा बोलावे.

भीतीत वाट पाहणे पुरेसे नसते. तिथे काम असते ते अंतर आणि निवड यांचे. ज्या अंतरावर पक्षी खात राहतो, त्या अंतरावर टोपी, हात किंवा नवे माणूस ठेवायचे, प्रत्येक वेळी आवडीचा दाणा द्यायचा, आणि पक्षी स्वतःहून जवळ येईल तेवढेच पुढे सरकायचे. यात आठवडे जातात, कधी महिने, आणि घाई केली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. ‘चावला तरी हात काढू नका, नाहीतर त्याला कळेल की आपण घाबरतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला दोन्ही अवस्थांत चुकीचा वाटतो. भ्यालेल्या पक्ष्याला त्यातून एवढेच कळते की इशारे व्यर्थ आहेत आणि पुढच्या वेळी अधिक जोराने चावले पाहिजे. आणि उधाणलेल्या पक्ष्यापुढे हात धरून ठेवण्यात केवळ जखम पदरात पडते. उलट, हळूहळू ओळख करून देण्याची जी पद्धत भीतीवर चालते, ती उधाणाच्या ऐन भरात वापरली तर उत्तेजनेचा काळ लांबतो.

उधाणाला ऋतू असतो, भीतीला नसतो. हाही एक उपयोगी फरक आहे. ॲमेझॉन पोपट साधारण चार ते सहा वर्षांचा होऊन वयात आला, की दर वर्षी काही आठवडे किंवा काही महिने त्याचे वागणे बदलते, आणि तोवर गोड असलेला पक्षी बिघडला असे समजून पुष्कळ लोक त्याला याच सुमारास दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात, ही फार वाईट गोष्ट आहे. वाढत जाणारा दिवस, मुबलक आणि स्निग्ध खाणे, अंधारी ढोलीसारखी जागा आणि जोडीदार अशा गोष्टी मिळून विणीची तयारी सुरू होते. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या खिडकीत हाच फरक सव्वानऊ ते पंधरा तास इतका असतो, त्यामुळे तिथे वसंतातला बदल अधिक ठळक जाणवला तर नवल नाही. पण दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू असतील, तर कुठल्याही गावात त्या पक्ष्याचा दिवस बारमाही लांबलेलाच राहतो. दहा ते बारा तासांची अंधारी, शांत झोप, सूर्यफुलाच्या बियांना कात्री, सोफ्याखाली आणि कपाटात शिरण्यास मज्जाव, आणि कुरवाळणे डोके व मान यांपुरतेच, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणे माणसाला माया वाटते. पक्ष्याच्या लेखी तो जोडीदाराचा स्पर्श आहे.

जोडीदाराचा प्रश्न घरात सर्वांत दुखरा असतो. ॲमेझॉन एखाद्या माणसाला आपले मानतो आणि ते माणूस सोफ्यावर कुणाशेजारी बसले की त्या दुसऱ्यावर धावून जातो. इथे भीती की उधाण हे तपासायचे असेल, तर आवडते माणूस घराबाहेर असताना त्या दुसऱ्याने पिंजऱ्यापासून दूर, खोलीच्या वेगळ्या कोपऱ्यात पक्ष्याला खाऊ देऊन पाहावा. तिथे तो निवांतपणे दाणा घेत असेल, तर आधीचा हल्ला राखणीचा होता आणि उपाय म्हणजे तिघांनी तशा रीतीने एकत्र न बसणे. तिथेही तो अंग चोरत असेल, तर त्या माणसाशी त्याची ओळख नव्याने, सावकाश करून द्यावी लागेल.

काही वेळा मात्र या दोन्हींपैकी काहीच नसते. पिसे गळण्याच्या दिवसांत डोक्यावर आणि मानेवर नवी, काट्यासारखी पिसे येत असतात आणि तिथे हात लागलेला त्याला सोसत नाही. हे काही दिवसांत सरते. आजार सरत नाही. एरवी दांडी गाजवणारा पक्षी अंग फुलवून दिवसा डोळे मिटून बसू लागला, त्याचा आवाज बसला, विष्ठा बदलली, किंवा ऋतू आणि कारण नसताना स्वभाव एकाएकी पालटला, तर त्याला सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पक्षी दुखणे लपवतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला, सकाळच्या खाण्याआधी, त्याचे वजन करून त्याच वहीत चाव्यांच्या नोंदीशेजारी लिहावे. आकडा सलग खाली येत असेल तर वागण्याचा अर्थ लावत बसू नये, आधी तपासणी करून घ्यावी.