नर गेला, पिल्लं पेटीतच: एकट्या बजरीगर मादीला साथ कशी द्यायची

एका मोठ्या पिंजऱ्यात बजरीगर या छोट्या पोपटांच्या दोन-तीन जोड्या एकत्र नांदत असतात, त्यातल्या एका जोडीची पिल्लं घरट्यासाठी लावलेल्या पेटीत चिवचिवत असतात आणि अचानक त्यांचा नर पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला सापडतो. अशा वेळी बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे दुसरा नर आणून सोडणं. हा विचार तूर्त बाजूला ठेवा. मादीला या घडीला जोडीदारापेक्षा जास्त गरज आहे ती जोडीदार करत असलेल्या कामाची, आणि ते काम नेमकं काय होतं हे कळलं की पुढचं बरंच आपोआप सुचत जातं.

बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडला नेले आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले. त्यांच्या मूळ मुलखात पाऊस बेभरवशाचा. तो पडला की गवताला दाणा धरतो, थवे तिथे उतरतात आणि निलगिरीच्या ढोल्यांत घाईघाईने अंडी घातली जातात. मादी ढोलीत बसून राहते. नर बाहेर दाणे टिपतो, ढोलीच्या तोंडाशी येतो आणि गिळलेलं अन्न पुन्हा वर आणून तिच्या चोचीत भरवतो. पिल्लं निघाल्यावरही सुरुवातीला तो त्यांना थेट क्वचितच भरवतो. तो मादीला देतो आणि मादी पिल्लांना. पिल्लं मोठी होऊ लागली की मग तो स्वतः आत शिरतो, आणि ती उडून बाहेर आली की त्यांना भरवण्याचा बहुतेक भार त्याच्यावरच येतो. म्हणजे नर गेल्याची झळ पहिल्या आठवड्यात मादीला बसते आणि पाचव्या आठवड्यात पिल्लांना. दोन्ही वेळची मदत वेगळी.

त्याआधी एक गोष्ट उरकून घ्यायला हवी: नर मेला कशाने? काचेवर आदळून किंवा कुठे अडकून मेला असेल तर बाकीच्यांना धोका नाही. पण दोन-चार दिवस पिसं फुगवून, डोळे मिटून बसत होता, विष्ठा पातळ होती, खात असूनही छातीचं हाड वर आलं होतं, असं काही आठवत असेल तर संसर्ग गृहीत धरूनच चाला. सिटॅकोसिससारखा आजार तर माणसालाही होतो. पिंजऱ्याचा तळ, भांडी, काठ्या धुवून घ्या आणि उरलेल्यांना पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मेलेला पक्षी लगेच पुरून टाकू नका. पिशवीत बंद करून थंड जागी ठेवला तर तपासणीच्या उपयोगाला येतो.

आता पेटीकडे. बजरीगर मादी साधारण दिवसाआड एक अंडं घालते, एकूण चार ते सहा, कधी जास्त. ती पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते आणि प्रत्येक अंडं सुमारे १८ दिवसांनी फुटतं. त्यामुळे पिल्लंही दिवसाआड निघतात. सहा अंडी असतील तर थोरल्यात आणि धाकट्यात दहा दिवसांचं अंतर पडतं, आणि दहा दिवस म्हणजे या पक्ष्यात फार मोठा काळ. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दोन ग्रॅमचं, उघडंबोडकं आणि आंधळं असतं. महिनाभरात ते जवळपास आईच्या वजनाला, म्हणजे तिसेक ग्रॅमला पोचतं. एकाच पेटीत पिसं फुटलेलं दांडगं पिल्लू आणि त्याच्या पायाखाली गुलाबी मांसाचा गोळा, असं दृश्य अगदी नेहमीचं.

मग अन्न कमी पडलं तर धाकट्याचं काय? इथे एक मजेशीर निरीक्षण उपयोगी पडतं. जूडी स्टॅम्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की बजरीगर नर जास्त ओरडणाऱ्या, जास्त मागणाऱ्या पिल्लाला जास्त भरवतो. मादी मात्र आरडाओरड्याला फारशी बधत नाही आणि लहान पिल्लांना झुकतं माप देते. थोडक्यात, नर गेला तरी मागे राहिलेली पालक ही धाकट्याची बाजू घेणारी आहे. म्हणून एकट्या मादीच्या पेटीत शेंडेफळ मरणारच, असं समजून हात टेकू नयेत. वाटप ती नीट करते. प्रश्न उरतो तो वाटायला पुरेसं असण्याचा आणि तिचं स्वतःचं शरीर ते पेलण्याचा.

ते पुरेसं असणं आपल्या हातात आहे. पहिले आठ-दहा दिवस पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, त्यामुळे मादी पेटीतून बाहेर यायला नाखूश असते. आली तरी घाईत चार दाणे टिपून परत जाते. तिचं भांडं पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि वाटेत इतर पक्षी हुसकावत असतील तर ती उपाशी राहते. म्हणून दाणे, पाणी आणि मऊ खाद्य पेटीच्या दारापासून एका उडीवर बांधा. नेहमीचा राळ्याचा दाणा हवाच, पण वाढत्या पिल्लांना प्रथिनं नुसत्या दाण्यातून पुरत नाहीत. उकडून बारीक कुस्करलेलं अंडं, मोड आलेले दाणे, बारीक चिरलेली हिरवी भाजी यांचं मिश्रण दिवसातून दोनदा द्या: एकदा भल्या सकाळी, एकदा संध्याकाळी अंधार पडण्याच्या तास-दोन तास आधी, म्हणजे पिल्लं भरल्या पोटी रात्र काढतील. हे खाद्य लवकर आंबतं. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाका. समुद्रफेन कायम टांगलेला असू द्या. अंडी घालण्यात मादीच्या हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडलेलं असतं आणि ते भरून यायला वेळ लागतो.

आपण पुरतोय की नाही हे कळण्याची खात्रीची जागा म्हणजे पिल्लाचा गळा. तिथे त्वचेखाली अन्नाची पिशवी असते आणि पिसं येईपर्यंत ती आरपार दिसते. मादी खायला बाहेर आली की पेटीचं झाकण उघडून बघा. दोन-तीन दिवसांच्या पिल्लाच्या गळ्याशी पांढुरक्या द्रवाचा फुगीर थेंब दिसतो, आठवडाभराच्या पिल्लाच्या पिशवीत एकेक दाणा मोजता येतो. पिशवी सकाळी रिकामी आणि नंतर दिवसभर कमी-जास्त भरलेली असणं ठीक. पण संध्याकाळीही ती सुरकुतलेली आणि सपाट दिसली, पिल्लू गार लागलं, मान टाकून पडलं असेल, तर मादीची दमछाक होते आहे. हात लावला की आई पिल्लं टाकते, हा समज बजरीगरांच्या बाबतीत तरी खोटा आहे. हात धुऊन, कोमट करून, झटपट बघितलं तर तिचं काही बिघडत नाही. कधी पिल्लू पाठीवर उताणं पडलेलं दिसलं तर घाबरू नका. अगदी लहान पिल्लांना मादी उताणं पाडूनच भरवते. तिची चोच वरून त्याच्या चोचीवर आडवी बसते आणि अन्न अलगद आत जातं.

एकत्र पिंजऱ्यातला खरा धोका मात्र भुकेचा नसून शेजाऱ्यांचा असतो. बजरीगर थव्याने राहतात म्हणून ते सगळे गुण्यागोविंदाने राहत असतील असं आपल्याला वाटतं. ढोलीचा प्रश्न आला की माद्या एकमेकींच्या जिवावर उठतात. जी मादी पेटी शोधत असते ती दुसरीच्या पेटीत घुसते, अंडी फोडते, पिल्लांना चावून मारते, आणि आतल्या मादीशी झालेल्या झटापटीत दोघींपैकी एक रक्तबंबाळ होते. नर जिवंत असताना निदान मादीला पेटी सोडून फार वेळ बाहेर राहावं लागत नव्हतं. आता ती खायला बाहेर आली की दार उघडं पडतं.

तेव्हा वेगळं करायलाच हवं. पण हलवायचं कुणाला? सहसा लोक मादीला पेटीसकट उचलून नव्या पिंजऱ्यात नेतात आणि इथेच डाव फसतो. मादीची ओळख पिल्लांपेक्षा जागेशी घट्ट असते. दार, काठी, उजेडाची बाजू, सगळंच बदललं की काही माद्या पेटीत परतच जात नाहीत. पेटी जिथे आहे तिथे राहू द्या आणि बाकीचे पक्षी दुसरीकडे न्या. सगळे हलवणं शक्य नसेल तर मधे जाळीचा पडदा घालून तिचा कोपरा तोडून घ्या. अगदीच नाइलाज असेल तर निदान पेटी नसलेल्या माद्या तरी बाहेर काढा, कारण उपद्रव प्रामुख्याने त्यांचाच असतो.

आणि नर? त्यांच्याबद्दल तर विज्ञानाकडे चांगलाच पुरावा आहे. बार्बरा ब्रॉकवे यांनी १९६५ साली दाखवून दिलं की नराची मंद, सलग गुणगुण नुसती कानावर पडली तरी बजरीगर मादीचं बीजकोश वाढीला लागतं आणि ती अंड्यावर येते. त्यात पेटीतला अंधार हाही तिला अंडी घालायला उद्युक्त करणारा इशारा असतो. शिवाय आपली मादी नजरेआड असली की नर शेजारणीला रिझवायला जातात, असं बाल्ट्झ आणि क्लार्क यांच्या १९९७च्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पिंजऱ्यातले 'संसारी' नरही आपल्या या एकट्या मादीभोवती घुटमळणार. ती बधली तर पिल्लं अर्धवट वाढलेली असतानाच नवी अंडी येतात. मग पेटीतली पिल्लं तिला अडचण वाटू लागतात आणि ती त्यांची पिसं उपटू लागते. नवा नर आणणं म्हणूनच उलट अंगाशी येतं. बाकीच्यांचा पिंजरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असू द्या. थव्याची चिवचिव ऐकू येणं तिला बरं, पण गाणारा नर तारेला चिकटून नको. नर गेल्यानंतरच्या काही दिवसांत तिने एखादं अंडं घातलं तर गोंधळून जाऊ नका. शुक्रजंतू मादीच्या शरीरात काही दिवस टिकतात, तेव्हा ते फलितही असू शकतं.

दोन-तीन पिल्लं असतील तर धडधाकट मादी ती एकटीने वाढवते, यात नवल नाही. पाच-सहा असतील तर ओझं वाटून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दत्तक. जवळच दुसऱ्या जोडीची पिल्लं असतील आणि वयात चार-पाच दिवसांहून जास्त फरक नसेल तर एक-दोन पिल्लं तिकडे ठेवता येतात. आपल्याच पेटीत आपल्याच पिल्लांत बसलेलं पिल्लू बजरीगर सहसा परकं मानत नाहीत. आईने नुकतंच भरवलेलं, गरम असलेलं पिल्लू न्या आणि पहिल्या काही तासांत दोनदा डोकावा. नराच्या आजाराबद्दल शंका असेल तर मात्र हा मार्ग बंद. एका पेटीचा रोग दुसरीत नेण्यात अर्थ नाही.

हाताने भरवणं मी शेवटी ठेवतो. ते वाटतं तितकं सोपं नाही. पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी तयार पूड पाण्यात कालवून ३९ ते ४१ अंश सेल्सियसला द्यायची असते. याहून गरम असेल तर अन्नपिशवी भाजते, गार असेल तर अन्न पिशवीतच साकळून आंबतं. तापमान बोटाने ठरवू नका, थर्मामीटर वापरा. पिल्लू स्वतः चोच हलवून ओढत असेल तेवढंच द्या. जबरदस्तीने ढकललेला एक थेंब श्वासनलिकेत गेला की पिल्लू हातात मरतं. गाय-म्हशीचं दूध अजिबात नको, पक्ष्यांना त्यातली साखर पचत नाही. मादी थोडंफार भरवत असेल तर पिल्लं पेटीतच राहू देऊन दिवसातून दोन-तीनदा आपली भर घालणं सर्वांत बरं. ऊब आणि रात्रपाळी तिच्याकडे राहते. हे सगळं आठवड्याच्या आतल्या पिल्लावर पहिल्यांदाच करून बघायचं असेल तर आधी जाणकाराकडून समोर बसून शिकून घ्या.

पिल्लं साधारण ३० ते ३५ दिवसांची झाली की एकेक करून पेटीबाहेर पडतात, आणि नराची उणीव सर्वांत जास्त जाणवते ती इथे. त्यांना उडता येतं पण दाणा सोलता येत नाही. नर असता तर त्याने आणखी आठवडा-दहा दिवस भरवलं असतं. आता मादी बाहेर आलेल्यांना भरवू की आतल्यांना, अशा ओढाताणीत असते. पिंजऱ्याच्या तळाशी उथळ ताटलीत मोड आलेले दाणे, मऊ खाद्य पसरून ठेवा आणि राळ्याची कणसं खालच्या काठीला बांधा. पिल्लं खेळता खेळता चोच मारतात, आईला टिपताना बघतात आणि शिकतात. नुसतं ताटलीत चोच घालतंय म्हणून खातंय असं मात्र धरू नका. ताटलीत रिकामी टरफलं साचतात का ते बघा, आणि संध्याकाळी गळा चाचपून बघा. सहा आठवड्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं आपलं आपण खाऊ लागतात. तोवर इतर मोठ्या पक्ष्यांत त्यांना सोडू नये, कारण उडायला शिकणारं पिल्लू चुकून दुसऱ्याच पेटीच्या दारावर जाऊन बसतं आणि आतली मादी दयामाया दाखवत नाही.

शेवटचं पिल्लू बाहेर आलं की त्याच दिवशी पेटी काढून टाका. ती समोर राहिली तर मादी पुन्हा आत जाऊन बसेल. तिची पिसं झडून नवी येऊ द्या, वजन भरू द्या; पुन्हा अंड्यांवर आणण्याआधी काही महिन्यांची विश्रांती हवीच. नवा नर आणायचाच असेल तर तो आधी महिनाभर दुसऱ्या खोलीत वेगळा ठेवा, आणि मग शेजारी पिंजरा लावून दोघांचं कसं जमतं ते बघा.