१ जानेवारी १९९५ : गावकारभारात फक्त तरुणांना लागू झालेली तारीख

ग्रामपंचायतीच्या कारभारात तरुणांना सामावून घ्यावं, हे आता प्रत्येक शासकीय परिपत्रकात असतं. बालसभा घ्या, युवकांना ग्रामसभेला बोलवा, विकास आराखड्यात त्यांच्या सूचना घ्या. पण पंचायतीच्या कायद्यात तरुणांचा वेगळा विचार झाला तो एका अटीच्या रूपाने. गेल्या दहा वर्षांतल्या घडामोडी समजून घ्यायच्या तर त्या अटीपाशी थांबावं लागतं.

सुरुवात डिसेंबर १९९२ पासून करू. ११ डिसेंबरला भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते ऐकून घेतलं जाण्याचा मुलांचा हक्क तिच्यात मान्य केलेला आहे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ आणि २३ डिसेंबरला, संसदेने ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि गाव-शहरांच्या कारभाराला घटनेचा आधार मिळाला. एकाच महिन्यातले हे दोन निर्णय, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. मतदानाचं वय १९८९ मध्येच १८ वर आलं होतं; पंचायतीला उभं राहण्याचं किमान वय मात्र २१ ठरलं. मधली तीन वर्षं मत देता येतं, मागता येत नाही. लोकसभेसाठी उमेदवारीचं वय १८ करावं अशी शिफारस संसदेच्या एका स्थायी समितीने २०२३ मध्ये केली.

महाराष्ट्रात तरुणांनी गाव हातात घेतल्याची उदाहरणं याच्याही आधीची आहेत. राळेगणसिद्धीत १९८० च्या सुमारास तरुण मंडळाने दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या. हिवरे बाजारात १९८९-९० मध्ये गावातल्या शिकलेल्या पोरांनी एकत्र येऊन पंचायत आपल्याकडे घेतली. या दोन्ही ठिकाणी कुठल्या परिपत्रकाची वाट कोणी पाहिली नव्हती.

खरा बदल पैशाने घडवला. २०१५-१६ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. तो कसा खर्चायचा याचा आराखडा गावानेच करायचा म्हणून राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा कार्यक्रम सुरू झाला. आधी जी पंचायत दिवाबत्ती आणि पाणीपट्टीत अडकलेली होती, तिच्याकडे एकदम लाखांचे हिशेब आले. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांना वजन आलं. मग सरपंच कसा असावा, याची चर्चा वर सुरू झाली.

जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी वाद झाला तो थेट निवडणुकीवर. त्याच बदलाबरोबर आलेलं एक कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटलं. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असलं पाहिजे, असं ते कलम. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची काहीच अट नाही.

या तारखेचा हिशेब मांडून पाहा. २०१७ मध्ये १९९५ साली जन्मलेला उमेदवार २२ वर्षांचा होता. २१ च्या आत कोणाला उभंच राहता येत नाही. म्हणजे कलम आलं तेव्हा ते अख्ख्या राज्यात फक्त एकवीस-बावीस वर्षांच्या उमेदवारांना लागू होतं. पन्नाशीचा न शिकलेला माणूस चालत होता, बावीस वर्षांचा सहावी झालेला चालत नव्हता.

समर्थन करणाऱ्यांकडेही मुद्दे होते, ते सांगायला हवेत. राजस्थानने २०१४ च्या अखेरीस आणि हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीसाठी शिक्षणाची अट घातली, ती सगळ्या वयांना. हरियाणाची अट डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. चांगलं-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणानेच येते, असं न्यायालयाने म्हटलं. (राजस्थानने पुढे २०१९ मध्ये आपली अट काढून टाकली.) या दोन राज्यांच्या मानाने महाराष्ट्राची अट सौम्य, असा युक्तिवाद झाला. ज्यांना लहानपणी शाळाच मिळाली नाही त्या जुन्या पिढीवर अन्याय नको, नव्या पिढीला तर शिक्षणाचा हक्कच आहे, तेव्हा सातवी म्हणजे काही फार नाही.

इथेच तारीख चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी आणि तो आहे ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं त्या दिवशी पंधरा वर्षांची झालेली होती. ज्या हक्काच्या भरवशावर अट घातली, तो त्यांना कधी मिळालाच नव्हता. त्यांच्या मागच्या दोन-चार वर्षांतल्या मुलांना मिळाला, पण शाळा सुटून गेल्यावर. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत हे डोळ्यांना दिसतं. दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघतो, घर बंद होतं, पोरगी आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर धाकट्या भावंडांना सांभाळायला जाते. एप्रिलमध्ये परत येते तेव्हा वर्ष संपलेलं असतं. दोन-तीन वर्षं असं झालं की शाळेचं नाव निघत नाही.

मार्च २०२० मध्ये थेट सरपंच निवड रद्द झाली, सदस्यांनी सरपंच निवडायची जुनी पद्धत परत आली. सातवीची अट मात्र गेली नाही. उलट ती सदस्यांनाही लागू असल्याचं डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट करण्यात आलं. त्या वेळी १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचे अर्ज भरणं चालू होतं. ऑनलाइन यंत्रणा इतकी मंदावली की शेवटी अर्ज कागदावर घ्यावे लागले.

त्या गडबडीत मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात होतो. फेब्रुवारी १९९५ चा जन्म असलेली एक मुलगी अर्ज भरायला आली होती. पाचवीनंतर शाळा सुटलेली. गावातल्या दोन बचत गटांची वही तीच लिहायची, व्याज पैशापर्यंत बरोबर. सोबत जातीचा दाखला, शौचालयाचा दाखला, घोषणापत्र, सगळं पिशवीत नीट लावलेलं. शाळा सोडल्याचा दाखला मागितला तेव्हा तिने तो काढून दिला आणि समोरच्याने बोट ठेवून ‘इयत्ता पाचवी’ दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डातून तिच्या सासूबाईंचा अर्ज भरला. सासूबाई अंगठा उठवतात. त्या निवडून आल्या आणि पुढची वर्षं पंचायतीचे कागद घरी सुनेनेच त्यांना वाचून दाखवले. त्याच डिसेंबरात केरळमध्ये एकवीस वर्षांची विद्यार्थिनी तिरुवनंतपुरमची महापौर झाली. तिची बातमी आमच्या तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर फिरत होती.

२०२२ च्या जूनअखेर सरकार बदललं, जुलैमध्ये थेट सरपंच पुन्हा आला. अट तशीच.

शहरात प्रश्न वेगळा झाला. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर कुठे हालचाल झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सतरा वर्षांचा असलेला मुंबईतला मुलगा पंचविशीत आला तरी त्याने नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं.

याच काळात मुलांसाठीचे कार्यक्रम वाढले. केंद्राने पंचायतींसाठी शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पना ठरवल्या, त्यांतली तिसरी ‘बालस्नेही गाव’. बालसभा त्याचाच भाग. शेजारच्या कर्नाटकात मुलांची ‘मक्कळ ग्रामसभा’ त्याआधीपासून भरते आहे. आपल्याकडच्या दोन बालसभा मी पाहिल्या. एकीत सहावीतल्या मुलीने शाळेच्या शौचालयाला आतून कडी नसल्याचं सांगितलं आणि ग्रामसेवकांनी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. ती वही शाळेची होती. पंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, तो ठराव चढला नाही. महिनाभराने कडी बसली ती मुख्याध्यापकांनी पदरच्या पैशाने आणून.

२०२१ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंत होती. तोवर १९९५ ची तारीख एकतीस वर्षांपर्यंतच्या प्रत्येकाला लागू झालेली होती. बचत गटाच्या वह्या अजून ती सूनच लिहिते आणि तिच्या पिशवीतल्या दाखल्यावर अजून ‘इयत्ता पाचवी’च आहे.